रविवारचा अपवाद

कार्यशाळा संपली, टाळ्या झाल्या, अभिप्रायाचे कागद गोळा झाले, आणि प्राध्यापक लॅपटॉपची वायर गुंडाळत असताना शेवटच्या रांगेतली एक परिचारिका पुढे येऊन म्हणाली, "सर, ती पद्धत नव्हती. ती माझी आई होती."

त्यानं हसून मान डोलावली. कुणी काहीही म्हणालं की आधी मान डोलवायची, ही त्याची जुनी सवय. समोरच्याला आपलं म्हणणं पोचल्यासारखं वाटतं आणि आपल्याला विचार करायला दोन क्षण मिळतात. हे तो वर्गात शिकवायचाही. पण या खेपेला ते दोन क्षण रिकामेच गेले. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, एकमेकांचं गप्प राहणं कसं समजून घ्यावं, हा त्याचा विषय. त्यात उभी हयात गेली होती. विद्यापीठातला विभाग त्यानंच उभा केलेला, पाठ्यपुस्तक त्याचंच, आणि पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणजे एका परक्या देशातल्या बाईची गोष्ट. ही बाई स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरताना आधी दार वाजवायची. दोनदा टकटक, एक श्वासभर थांबायचं, मग आत. हातात गरम पातेलं असलं तरीसुद्धा. चोविसाव्या वर्षी शिकायला म्हणून तिकडे गेलेला असताना तो तिच्या घरी अकरा महिने भाड्यानं राहिला होता. त्या टकटकीतून त्यानं सिद्धान्त काढला: त्या समाजात खोली घरमालकाची नसते, त्या घडीला जो आत आहे त्याची असते. 'क्षणिक मालकी.' नाव इतकं देखणं जमलं होतं की लोक त्याच्या प्रेमातच पडले. कंपन्यांनी साहेबांना दार वाजवायला शिकवलं, इस्पितळांनी डॉक्टरांना. विद्यार्थी त्याला पाठीमागे 'टकटक सर' म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले आणि त्याला ते आवडूही लागलं. विभागाच्या दर्शनी भागात भिंत नसलेलं एक नुसतंच दार चौकटीसकट उभं केलेलं होतं, नवी मुलं पहिल्या दिवशी ते वाजवून फोटो काढून घेत. चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. पुस्तकाची सातवी आवृत्ती उद्या दुपारी छापायला जायची होती.

"तिसरा मजला," परिचारिका म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, रुग्णाच्या नातेवाइकाला समजावून सांगावं तशी ती बोलत होती. "स्वयंपाकघराचं दार हिरवं. वडील खिडकीपाशी बसून घड्याळं दुरुस्त करायचे. तुम्ही जिन्यालगतच्या खोलीत राहायचात. मला रंगीत पेन्सिली आणल्या होत्या तुम्ही. बारा. त्यातली पांढरी उमटायचीच नाही."

"अरे!" तो म्हणाला. "ती तू? तुम्ही?" सहा वर्षांची, टेबलाखाली बसून कागद रंगवणारी मुलगी त्याला आठवली आणि क्षणभर खरोखरच आनंद झाला. त्या आनंदाची त्याला नंतर बसमध्ये फार लाज वाटली.

"वडील दचकले की त्यांचा हात चालायचा. हातात असेल ते घेऊन. म्हणून ती आधी दार वाजवायची. दचकू नयेत म्हणून. आमच्याकडे स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार कुणीच वाजवत नाही, सर. तुमच्याकडे वाजवतात का?"

"नाही," तो म्हणाला. पूर्वी कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. छत्तीस वर्षांत, हजारो माणसांपैकी, एकानंही नाही.

"दार वाजवण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वॉर्डात मी रोज वाजवते, रुग्णांना बरं वाटतं. पण ती गोष्ट तेवढी काढून टाका. नोकरीसाठी मी इकडे आले, आई आता माझ्याजवळच असते. माझ्या मुलीला कॉलेजात तुमचं पुस्तक लावलंय. परवा ती आजीला वाचून दाखवायला निघाली होती, की बघ, तुझ्या देशातली गोष्ट. मी पुस्तक कपाटावर टाकलंय. पण किती दिवस टाकणार?" मग ती जायला वळली आणि वळता वळता म्हणाली, "आणि पान एक्केचाळीस. तेही."

इस्पितळातून बाहेर पडायला लांबच लांब बोळ होता आणि दोन्ही बाजूंना खोल्या होत्या. प्रत्येक दारावर त्याचंच वाक्य छापलेली छोटी पाटी: आधी वाजवा, मग थांबा, मग या. कुणी औषधांची गाडी घेऊन येई, टकटक, थांबे, आत जाई. पलीकडे दुसरं कुणी. टकटक. पुढच्या दारावर टकटक. त्यानं चालण्याचा वेग वाढवला तर समोरून आणखी दोघं येऊन उभी राहिली, वाजवू लागली. एरवी या बोळातून जाताना त्याची छाती भरून यायची. आज त्याला वाटलं, बोळ संपणारच नाही, आणि प्रत्येक दाराच्या आत खिडकीपाशी एक माणूस पाठमोरा बसलेला आहे, डोळ्याला भिंग लावून. तो माणूस त्याला स्पष्ट आठवत होता. लाजाळू, मान वर न करणारा, त्यानं लिहिलं होतं. कारागिराची एकाग्रता, असंही लिहिलं होतं. भिंगातून मोठा झालेला त्या माणसाचा डोळा एकदा याच्याकडे वळला होता आणि हा नमस्कार करून मागच्या मागे खोलीबाहेर सरकला होता. का सरकला होता? तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण त्यांची रीत किती लवकर उचलली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि शेजारी एक भलामोठा माणूस बसला, त्यामुळे हलायची सोय उरली नाही. पान एक्केचाळीस त्याला पाठ होतं, स्वतःचं असल्यामुळे. त्या देशाला निघताना त्याला एक मार्गदर्शिका मिळाली होती, निळ्या कव्हराची, परदेशी विद्यार्थ्यांसाठी. तीत लिहिलं होतं की इथले लोक आमंत्रण तीनदा देतात. पहिली दोन शिष्टाचाराची, ती नाकारावीत, तिसरं खरं. तो त्या मार्गदर्शिकेबरहुकूम खायचा, प्यायचा, शिंकायचासुद्धा. एका सकाळी तो वाचनालयात निघाला असता घरमालकीण जिन्यात आली. हातात काहीच नव्हतं, हे त्याला आता आठवलं. एरवी तिच्या हातात काहीतरी असायचंच. "आज घरीच थांबाल का तुम्ही?" ती म्हणाली. तो हसला, आभार मानले, काम आहे म्हणाला. "दुपारपर्यंत तरी?" ती म्हणाली. हे दुसरं. तो पुन्हा हसला, पुन्हा नाकारलं, आणि तिसऱ्याची वाट पाहत एक पायरी खाली उतरून थांबला. किती शहाणा होता तो! ती तिसऱ्यांदा काही बोलली नाही. तिनं मान हलवली आणि आत गेली. संध्याकाळी तिचा हात प्लास्टरमध्ये होता. जिन्यावरून पडले, म्हणाली. पान एक्केचाळीस: 'तिसरं आमंत्रण आलं नाही तर ते आमंत्रण नव्हतंच असं समजावं. माझ्या घरमालकिणीनं मला हा धडा एका सकाळी जिन्यात दिला.' आणि त्याच पानाच्या तळाशी, तळटीपेत: 'या लोकांत वेदनेचा उच्चार टाळतात, हात मोडला तरी कारण एका वाक्यात आटोपतात.' सहा आवृत्त्या निघाल्या. त्यानं स्वतः मुद्रितं तपासली होती, प्रत्येक खेपेला. एक स्वल्पविराम त्यानं तिसऱ्या आवृत्तीत बदलल्याचं त्याला आठवलं.

मला काय माहीत, असं तो मनाशी म्हणत होता. चोवीस वर्षांचं पोर, भाषा धड येत नाही, परका देश. कुणालाही तसंच वाटलं असतं. हे म्हणणं बसच्या तीन थांब्यांपर्यंत टिकलं. चौथ्या थांब्याला त्याला वाटलं की आपल्याला वही बघायला हवी. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. आत कुठेतरी एक गोष्ट होती, जिच्याकडे पाठ करूनच तो इतकी वर्षं बसला होता, आणि आता तिनं कूस बदलली होती. शेजारचा भलामोठा माणूस उतरला तेव्हा त्याला मोकळं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

घरी बायकोचा दवाखाना पुढच्या खोलीत होता. ती दंतवैद्य. माणसानं तोंड उघडलं की ही दात बघते आणि मी शब्द बघतो, असा त्याचा एक ठेवणीतला विनोद होता. लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी तो भाषणाच्या सुरुवातीला वापरला जायचा. आतून यंत्राची गुणगुण येत होती. तो तसाच मागच्या खोलीत गेला, स्टूल घेतलं, माळ्यावरचे खोके उतरवले. चौथ्या खोक्यात वही निघाली. कागद पिवळा पडलेला, अक्षर मात्र आजच्यापेक्षा चांगलं. तारखा, वार, वेळा. टकटक किती वाजता, किती वेळा, हातात काय होतं, किती थांबली. तो असा कसून नोंदी करणारा होता, म्हणून तर गुरुजनांचा लाडका. पान उलटता उलटता त्याचं बोट थांबलं. 'रविवार. नवरा बाहेरगावी. दिवसभर टकटक नाही. एकदाही नाही. गाणं म्हणत आत-बाहेर.' त्याखाली पुढचा रविवार, तसंच. आणखी एक. तिन्ही नोंदींभोवती पेन्सिलीनं एक मोठा कंस टाकलेला होता आणि कंसाबाहेर त्याच्याच नीटस अक्षरात एक शब्द: 'अपवाद.' पुढे प्रश्नचिन्ह होतं. ते नंतर खोडलेलं होतं.

तो स्टुलावर बसून राहिला. त्याला माहीत होतं. हे वाक्य त्यानं मनात वेगवेगळ्या प्रकारे फिरवून पाहिलं, पण ते प्रत्येक वेळी तसंच उभं राहिलं. नवरा नसला की ती दार वाजवत नव्हती आणि गात होती, हे त्यानं कानांनी ऐकलं होतं, हातानं लिहिलं होतं, आणि मग प्रबंध आडवा आला म्हणून कंस टाकला होता. रिकाम्या खोलीला मालक नसतो, अशी एक पळवाटही त्यानं तेव्हा मनाशी तयार ठेवली असणार. पण रविवारी ती पोर तर आत बसलेली असायची, टेबलाखाली. सिद्धान्त खरा असता तर बाईनं पोरीसाठीही दार वाजवलं असतं. इतकं साधं गणित. ते त्याला तेव्हाच दिसलं होतं, म्हणून तर प्रश्नचिन्ह घातलं होतं. आणि मग मार्गदर्शक खूश झाले, पहिला लेख छापून आला, नोकरी लागली, लग्न ठरलं, सगळं एकातून एक निघत गेलं. आता त्यातून एक वीट काढायची म्हटलं तर कुठली काढणार? खोलीला खिडकी होती, ती त्यानं उघडली, आणि तरी हवा येईना.

बायको दवाखाना आवरून आली, सवयीप्रमाणे कोपरापर्यंत हात धुऊ लागली. त्यानं तिला सांगितलं. सगळं, वहीसकट. सांगताना तो तिच्या पाठीकडे बघत होता. तिनं नळ बंद केला, टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं.

"अपवाद?" ती म्हणाली. "अहो, पेशंट म्हणाला दाढ फक्त चावताना दुखते, तर मी चावणं अपवाद म्हणून सोडून देऊ?"

"तेव्हा मला–"

"आणि तिला विचारलं नाहीत कधी? अकरा महिन्यांत? बाई, दार का वाजवता, एवढंच?"

"त्यांच्याकडे असं विचारणं असभ्य समजतात."

"कोण म्हणालं?"

"मार्गदर्शिकेत होतं," तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं, अगदी नको त्या वेळी. तीही हसली, पण लगेच थांबली. तो थांबू शकला नाही, काही वेळ खोलीत त्याच्या एकट्याचंच हसणं चालू राहिलं. मग त्यानं विचारलं, कारण आता विचारणं भाग होतं. "तू का वाजवतेस? माझ्या खोलीचं दार?" ती लग्न झाल्यापासून वाजवत होती. त्याला ते फार गोड वाटायचं. दुसऱ्या आवृत्तीची अर्पणपत्रिकाच त्यावर होती.

बायकोनं टॉवेल घडी करून ठेवला. "सांगू?"

"सांग."

"तुम्ही लिहीत असताना कुणी आत आलं की तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी येतं. पहिल्या वर्षी दोन-तीनदा बघितलं मी. राग नसतो तो. समोरची वस्तू नको त्या जागी ठेवली गेल्यावर माणूस बघतो ना, तसं. वाजवलं की तुम्हाला तो चेहरा बदलायला वेळ मिळतो. तुम्ही 'ये ये' म्हणता तेव्हा बदललेला असतो." ती अगदी सरळ सांगत होती, इतक्या वर्षांत त्यातलं दुखणं बोथट झालेलं. "मारकुटे नव्हतात तुम्ही, नाही तर मीही काही ऐकून घेणारी नव्हते. पण बघायचा नव्हता मला तो चेहरा."

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही अर्पणपत्रिका लिहिलीत. मग काय बोलणार?"

त्याला वाटलं, इथून उठून कुठेतरी जावं, पण जाण्यासारख्या ज्या ज्या जागा त्याला सुचल्या, विभाग, वाचनालय, आपली लिहायची खोली, त्या सगळ्यांच्या दारांवर त्याचीच पाटी होती. म्हणून तो लिहायच्या खोलीतच गेला. संपादकाला कळवायला हवं होतं. 'पहिलं प्रकरण आणि पान एक्केचाळीस काढून टाकावं,' असं त्यानं लिहिलं. एवढ्यावर पत्र संपायला हरकत नव्हती. पण कारण दिल्याशिवाय कसं चालेल, उद्या फाइल जायची आहे, संपादक दहा प्रश्न विचारील, म्हणून त्यानं खाली कारण लिहायला घेतलं. चार ओळींचं कारण दोन पानांवर गेलं. जिना, रिकामे हात, एक पायरी खाली उतरून थांबलेला तो शहाणा पोरगा, रविवारचं गाणं, कंस. लिहिताना त्याचे डोळे भरून आले. ते रडणं खोटं नव्हतं, हे नमूद करायला हवं. पण मधेच एका ठिकाणी त्यानं 'ती गात होती' हे वाक्य उचलून परिच्छेदाच्या शेवटी नेलं, कारण तिथं ते जास्त लागत होतं. हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं ते तिथंच राहू दिलं. पत्र पाठवल्यावर त्याला हलकं वाटलं. सुटलो, असा शब्दही त्याच्या मनात आला.

पाव तासात संपादकाचा फोन. "सर, उभ्या उभ्या वाचलं. अंगावर काटा आला, सर."

"काढायचंय ते. पहिलं प्रकरण."

"काढू की. आख्खं काढू. आणि त्या जागी हे घालू. सर, असं कोण लिहितं हो, स्वतःच्या विरुद्ध? लोक चुका झाकतात. तुम्ही तर वहीच उघडून ठेवलीत!"

"तसं नाही. तिनं काढून टाका म्हटलंय. तिच्या आईनं वाचू नये म्हणून."

"खोटी गोष्ट काढा म्हटलंय ना? खरीला कुठं नाही म्हटलंय?" संपादक म्हणाला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तो मनापासून हेलावला होता, आणि हेलावलेल्या माणसाला नाही म्हणणं किती कठीण असतं. "विचार करा सर, किती घरमालकिणी असतील. तुमचं वाचून एखादं पोरगं त्या पायरीवरून परत फिरेल."

हे बरोबर होतं. हेच तर वाईट होतं, की ते बरोबर होतं. दार वाजवण्याचंही बरोबरच होतं, इस्पितळातल्या म्हाताऱ्यांना त्यानं बरं वाटतच होतं. त्याच्या हातून जे जे निघायचं ते बरोबर होऊनच निघायचं, आणि तळाशी ती बाई हात गळ्यात बांधून उभी असायची. "नाही, मला वाटतं नको," तो म्हणाला, आणि 'मला वाटतं' म्हटल्याबरोबर त्याला कळलं की आपण नकार दिलेला नाही. संपादकालाही ते कळलं. त्यानं हळूच विचारलं, बाईंचं वय काय असेल आता? बहात्तर, तो म्हणाला. नवरा आहे? कल्पना नाही, तो म्हणाला, पण विचारता येईल. ती गाणं कुठलं म्हणायची? त्याला चाल आठवत होती, चक्क आठवत होती, त्यानं ती फोनवर जराशी गुणगुणून दाखवली. आणि तो बोलत असताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, व्याख्यानातला, योग्य जागी खाली येणारा. "वहीच्या त्या पानाचा फोटो मिळेल, सर?" "मिळेल," तो म्हणाला.

बायको दारात उभी होती. या वेळी तिनं वाजवलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिनं पुरतं बघून घेतलं असावं. "निदान तिला विचारा तरी," ती म्हणाली. "एकदा." आणि निघून गेली.

अभिप्रायाच्या कागदांवर नाव आणि नंबर होते. त्यानं तिचा कागद शोधून काढला. 'कार्यशाळा कशी वाटली?' याखाली तिनं काहीच लिहिलेलं नव्हतं. तो नंबर फिरवायच्या आधी मनात वाक्यं जुळवत होता. आधी आभार. मग तिच्या आईबद्दलचा आदर. मग 'एक वेगळा मार्ग दिसतोय.' नावं बदलू, देश बदलू, आईंना दाखवल्याशिवाय एक शब्द छापणार नाही. उद्या दुपारपर्यंत दाखवणं कसं जमायचं, हा प्रश्न होताच, पण तो नंतरचा. ती नाही म्हणाली तर? नाही म्हणाली तर संपलं, असं त्यानं ठरवलं. ठरवताना तो, तिनं नाही म्हणू नये म्हणून कसं बोलता येईल याचाही विचार करत होता. दोन्ही विचार एकाच डोक्यात शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं बसले होते.

पलीकडे भांड्यांचा आवाज होता, पाणी वाहत होतं. कुणीतरी गरम काहीतरी ओट्यावर ठेवलं.

"काढलीत, सर?" तिनं विचारलं. कार्यशाळेच्या पत्रकावरचा त्याचा नंबर तिला ओळखू आला होता. म्हणजे ती वाट बघत होती.

"त्याबद्दलच बोलायचं होतं," तो म्हणाला.

पाण्याचा आवाज बंद झाला. तिच्या मागून, जवळूनच, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"कुणी नाही, आई," ती म्हणाली.

फोन तिनं ठेवला नव्हता. त्यालाही ठेवता आला असता. एकच शब्द बोलायचा होता, 'काढली', आणि मग तो शब्द खरा करायला रात्रभर वेळ होता. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. पलीकडे तो म्हातारा आवाज आणखी काहीतरी विचारत होता, आणि मुलगी तिला उत्तर न देता इकडे कान लावून उभी होती.

"एक छोटीशी विनंती आहे," तो म्हणाला, "आणि तुम्ही अगदी मोकळेपणानं नाही म्हणू शकता."